‘चुकलं तर?’ : फोनमधली बँक आणि साठीपुढची माणसं

आमच्या सांगलीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात मी दर गुरुवारी संध्याकाळी तासभर बसतो. काम एकच, फोन घेऊन येणाऱ्यांचं अडलेलं सोडवून द्यायचं. मागे एकदा एकाच बाकावर दोघे शेजारी शेजारी बसले होते. एक काका एक्क्याऐंशीचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना विचारायचं होतं, एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, थांबवायची तर बँकेतलं मॅन्डेट, म्हणजे खात्यातून पैसे कापायला दिलेली परवानगी, तीही वेगळी रद्द करावी लागते का. शेजारचे बासष्ट वर्षांचे, आयुष्यभर सराफाच्या दुकानात कारागिरी केलेले. त्यांचा प्रश्न होता, “फोन हरवला तर त्यातले पैसे गेले का हो?”

एकोणीस वर्षांनी लहान असलेला माणूस फोनला घाबरतो आणि एक्क्याऐंशीचा माणूस त्यावर गुंतवणूक करतो. मग ‘म्हाताऱ्या माणसांना हे जमत नाही’ या वाक्याचं करायचं काय? साठ ते पंच्याण्णव म्हणजे पस्तीस वर्षांचा पल्ला. दहा वर्षांचं पोर आणि पंचेचाळिशीचा बाप यांना कोणी एका गटात टाकत नाही, पण साठीच्या पुढच्या सगळ्यांना आपण एकाच पोत्यात भरतो. 2011च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर होती. त्यांतल्या पुरुषांपैकी साक्षर होते सुमारे 59 टक्के आणि बायकांपैकी फक्त 28. एवढ्या एका आकड्यावरूनही पोतं फाटायला हवं.

कारागीर काकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सोनं डब्यात असतं तेव्हा ते डब्यातच असतं. डबा गेला की सोनं गेलं. चाळीस वर्षं या हिशोबानं जगलेल्या माणसाला फोनवर शिल्लक दिसते, तर त्याला पैसे फोनमध्येच आहेत असं वाटणार. उत्तर मी देण्याआधी टेलिफोनवाल्या काकांनीच दिलं. “अहो, हँडसेट फुटला म्हणून एक्स्चेंजमधली लाइन जाते का? दुसरा हँडसेट लावला की झालं.” पैसे बँकेच्या खात्यात, म्हणजे बँकेच्या संगणकातल्या वहीत असतात. फोन म्हणजे पैसे काढायची स्लिप आणि पिन म्हणजे त्या स्लिपवरची सही. कोरी स्लिप हरवली तर काही जात नाही, पण सहीनिशी कोणाच्या हाती लागली तर जातं. त्यामुळे फोन हरवला की पहिलं काम सिम बंद करणं आणि बँकेला कळवणं.

हे टेलिफोनवाल्या काकांना इतकं सहज का सुचलं? ते आयुष्यभर अशाच एका जाळ्यात काम करत होते, जिथं वस्तू एकीकडे असते आणि तिचं नियंत्रण दुसरीकडे. माझ्या पाहण्यात जन्मसालापेक्षा निवृत्तीचं साल जास्त बोलतं. आमच्याच संघात एकाच बॅचचे दोन बँकवाले आहेत. सरकारी बँकांनी 2000-01 मध्ये स्वेच्छानिवृत्तीची मोठी योजना काढली, लाखाच्या घरात माणसं बाहेर पडली. या दोघांपैकी एक त्यांत होते. दुसरे थांबले. पुढच्या काही वर्षांत शाखांमध्ये कोअर बँकिंग आलं, लेजर गेली, कोणत्याही शाखेतून कोणतंही खातं दिसायला लागलं. थांबलेल्यांनी शिव्या घालत का होईना, ते पगारी वेळेत शिकून घेतलं. बाजूला बसून दाखवायला सहकारी होते, चुकलं तर रिव्हर्सल एन्ट्री, म्हणजे चूक उलटवणारी नोंद, करता येत होती. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना तेच पंधरा वर्षांनी घरी एकट्यानं, स्वतःच्या पैशांवर शिकावं लागलं. दोघांचं वय सारखं, शिक्षण सारखं, पेन्शनसुद्धा उन्नीस-बीस. तरी एक जण यूपीआयवरून दूधवाल्याला पैसे देतो आणि दुसरा अजून चेक फाडतो.

बाहेर या विषयावर अभ्यास पुष्कळ झाला आहे. अमेरिकेतल्या फ्रेड डेव्हिस या संशोधकानं 1989 मध्ये एक साधी मांडणी केली. नवं तंत्र समोर आलं की माणूस मनात दोन गोष्टी तपासतो : याचा मला उपयोग आहे का, आणि हे मला जमेल का. मांडणी संगणक ऑफिसात शिरत होते त्या काळातली, पण आजही लागू पडते. माझ्या बाकावर मात्र एक तिसरा प्रश्न कायम येतो आणि तो पहिल्या दोन्हींवर मात करतो. तो म्हणजे ‘चुकलं तर?’

पस्तिशीच्या माणसाचे चाळीस हजार बुडाले तर तो महिनाभर हळहळतो, पुढचा पगार येतो. बहात्तराव्या वर्षी पीएफ आणि ग्रॅच्युइटीची एफडी बुडाली तर ती परत कमवायला आयुष्य उरलेलं नसतं. त्यामुळे एखादे आजोबा ‘मला नको ते नेटबँकिंग’ म्हणतात तेव्हा ते घाबरलेले असतीलच असं नाही. पुष्कळदा त्यांनी हिशोब केलेला असतो : फायदा काय, तर बँकेच्या दोन खेपा वाचतील. तोटा काय, तर सगळंच. हा हिशोब मला तरी चुकीचा वाटत नाही. त्यात 2019च्या सप्टेंबरमध्ये मुंबईतल्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढायची मुभा मिळाली, ते चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर अजून आहे. त्यानंतर 2020 मध्ये ठेवींवरचा विमा एक लाखावरून पाच लाखांवर गेला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

नियम काय म्हणतो तेही सांगतो, कारण ‘चुकलं तर?’चं निम्मं उत्तर तिथं आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कोणीतरी व्यवस्थेतल्या फटीतून पैसे काढले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. पण ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत जेवढं गेलं तेवढं तुमचं, कळवल्यानंतर गेलेलं बँकेचं. म्हणजे कळवायला जेवढा उशीर, तेवढा खड्डा मोठा. फसवणूक झाली की 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लगेच लावायचा तो याच कारणानं. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता आले तर आले.

इथं एक उलटी गंमत आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून फोनवरच ‘अटक’ करून पैसे उकळण्याच्या, बातम्या वाचा. लाखो, कधी कोटी रुपये गेलेली माणसं निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर असतात. फोन हाताळता न येणारी ही मंडळी नव्हेत, आरटीजीएस, म्हणजे मोठ्या रकमा एका खात्यातून दुसऱ्यात पाठवणं, स्वतः करू शकणारी आहेत. त्यांना ठकवलं ते पोलिसी गणवेशातल्या माणसानं, व्हिडिओ कॉलवर. जन्मात कधी चौकीची पायरी न चढलेल्या सरळमार्गी माणसाला ‘तुमच्या नावावर गुन्हा आहे’ एवढं पुरतं. पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं की असली अटक कायद्यात अस्तित्वातच नाही. म्हणून तंत्र जमणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. ज्याला काहीच येत नाही त्याला घाईघाईनं पैसे पाठवायला लावणं उलट अवघड असतं, कारण त्याला शाखेत जावं लागतं आणि तिथं काउंटरवर कोणीतरी विचारतंच, “काका, एवढे कुणाला?”

आता शरीराकडे येऊ. ॲप बनवणाऱ्यांनी दर गुरुवारी माझ्याशेजारी बसायला हवं असं मला वाटतं ते यासाठी. आमच्या एक काकू आहेत, अठ्ठ्याहत्तरच्या. त्या स्क्रीनवर बोट ठेवतात आणि काहीच होत नाही. जोरात दाबतात. तरी नाही. मग धरून ठेवतात, तर भलतीच खिडकी उघडते. टचस्क्रीनला दाब कळत नाही. बोटातून जाणारा अगदी बारीक विद्युत परिणाम ती ओळखते, आणि वयानं कोरडी पडलेली त्वचा तिला धड जाणवत नाही. काकूंनी यावर स्वतःच उपाय काढला. नोटा मोजताना लावतात तसं बोट जिभेला लावलं आणि दाबलं. लागलं! मी चाट पडलो. आता त्यांच्या पिशवीत पोस्टात असतो तसला ओला स्पंज एका डबीत असतो.

मग ओटीपी. तरुण माणसाला ही दहा सेकंदांची गोष्ट. काकूंचं असं होतं : पैसे पाठवायचं पान उघडलं आहे. वर मेसेज चमकला आणि वाचायच्या आत गेला. जवळचा चष्मा पर्समध्ये. तो काढून लावेपर्यंत स्क्रीन काळी. ती उघडली, मेसेजमध्ये गेल्या. सहा आकडे. ‘चार सात शून्य’ मनात म्हणत परत ॲपवर आल्या, तर ॲप म्हणतं, ‘तुमचं सेशन संपलं आहे.’ पुन्हा पहिल्यापासून. तीनदा असं झालं की खातं काही वेळासाठी लॉक. यात काकूंचं काय चुकलं? आकडे मनात धरून दुसरं काम करायची ताकद वयानुसार थोडी कमी होतेच, ते आजारपण नव्हे. वेळेची मर्यादा सुरक्षेसाठी आहे, हेही खरं. पण ती कोणाच्या बोटांचा वेग धरून ठरवली, हा प्रश्न उरतोच. आम्ही यावर ओटीपी आधी कागदावर उतरवायचा, मग टाकायचा आणि कागद लगेच फाडायचा असा रिवाज पाडला आहे. कागद फाडताना काकूंना विशेष आनंद होतो.

खेड्याकडे हीच गोष्ट अंगठ्याची. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार काढायला आजी बँक मित्राकडे, म्हणजे गावातल्या बँकेच्या प्रतिनिधीकडे, जाते, यंत्रावर अंगठा ठेवते आणि ‘अंगठा लागत नाही.’ खुरपणी, भांगलण, भांडी यांत रेषा झिजलेल्या. जन्मभर ज्या अंगठ्यानं कागदावर सही केली, तो आता यंत्राला पटत नाही. ही आजी ‘तंत्रज्ञान स्वीकारत नाही’ असं आपण म्हणणार का? ती तर रांगेत उभी आहे.

बायकांचा विषय थोडा सविस्तर बोलायला हवा, कारण तिथं फोन येण्या-न येण्यापेक्षा फोन कोणाचा हा प्रश्न मोठा आहे. एक वहिनी आल्या. पती वर्षभरापूर्वी गेलेले, कुटुंबनिवृत्तिवेतन त्यांच्या खात्यात येतं. त्यांना नुसती शिल्लक बघायची होती. ओटीपी मागवला, आला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. शेवटी लक्षात आलं, खात्याला जोडलेला नंबर पुण्यातल्या मुलाचा आहे. मुलगा वाईट नाही, सोयीसाठी त्यानं तसं केलं होतं. पण वहिनींना स्वतःच्या पैशांची खबर मुलाच्या फोनमार्फत. शाखेत अर्ज देऊन नंबर बदलून घेतला. ज्या दिवशी पेन्शन जमा झाल्याचा पहिला मेसेज त्यांच्या फोनवर आला, त्या दिवशी त्यांनी तो मला दोनदा वाचून दाखवला.

याच वहिनी न्यू जर्सीतल्या नातीला रोज व्हिडिओ कॉल करतात, यूट्यूबवर लोणच्याचं प्रमाण बघतात, भिशीच्या ग्रुपवर फुलांची ‘शुभ सकाळ’ टाकतात. म्हणजे बोटांना सगळं येतं. पैशांचं मात्र घरात कधी त्यांच्याकडे नव्हतंच. ‘ते यांच्याकडे असायचं.’ पासबुक कपाटात, कपाटाची किल्ली यांच्याकडे. इथं अडसर फोनच्याही चाळीस वर्षं आधी तयार झालेला आहे. उलट मंडईत बसणाऱ्या एक मावशी आहेत, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्यांच्या पाटीशेजारी क्यूआर कोड आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारा तो डबा. गिऱ्हाईक स्कॅन करतं, डबा मोठ्यांदा रक्कम सांगतो, मावशी मान हलवून मेथीची जुडी पुढे करतात. वाचायचं काही नाही, टाइप करायचं काही नाही, चूक व्हायची जागाच नाही. पैसे पाठवायला मात्र त्या शिकल्या नाहीत आणि शिकायचं म्हणतही नाहीत. “येऊ दे की. जायची वाट कशाला शिकू?”

मावशींच्या या बोलण्यात यूपीआयचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे, तो मी सगळ्यांना त्यांच्याच शब्दांत सांगतो. पैसे यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो जायला. ‘तुम्हाला रिफंड पाठवतोय, पिन टाका’ म्हणणारा माणूस चोर, मग तो कितीही गोड बोलो. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवर पैसे मागणारी विनंती पाठवायची सोय, यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली, तीही अशा फसवणुकींमुळेच.

घरोघरी दिसणारा आणखी एक प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या हातून वापर. लाइट बिल मुलगा भरतो, रिचार्ज नातू मारतो, गॅस सून लावते. आजोबांना विचारलं तर म्हणतात, “मी नाही बुवा वापरत ऑनलाइन.” पण त्यांच्या खात्यातून महिन्याला दहा व्यवहार ऑनलाइन होतात, पिन नातवाला पाठ असतो. बहुतेक घरांत हे प्रेमानं चालतं, म्हणून कोणी बोलत नाही. जिथं प्रेमानं चालत नाही तिथं तर मुळीच बोलत नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये ‘यूपीआय सर्कल’ नावाची सोय आली, ती या दुखण्यावर बरी आहे. खातं आजोबांचं, पण नातवाला त्याच्या स्वतःच्या फोनवरून त्यातून पैसे देता येतात. प्रत्येक वेळी आजोबांची मंजुरी लागेल असं ठेवता येतं, किंवा महिन्याला जास्तीत जास्त 15,000 आणि एका वेळी 5,000 अशी मर्यादा घालून मोकळीक देता येते. पिन कोणाला सांगावा लागत नाही. उलटंही करता येतं : खातं मुलीचं, खर्च आईचा. स्मार्टफोनच नको असेल तर साध्या बटणांच्या फोनसाठी मार्च 2022 पासून ‘यूपीआय 123पे’ आहे. ऐकू कमी येणाऱ्यांना मात्र त्यातली फोनवर सूचना सांगणारी बाई फार घाई करते असं वाटतं.

मुलांनी शिकवण्याबद्दल मला एकच तक्रार आहे : “द्या इकडे.” मुलगा फोन हातात घेतो, चार सेकंदांत काम करतो आणि परत देतो, “बघितलंत? सोपंय.” पोहणं काठावरून बघून येत नाही. फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा आणि पायऱ्या त्यांनी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या भाषेत वहीत लिहाव्यात. एका आजोबांच्या वहीत बॅक बटणाला ‘मागं फिर बाण’ म्हटलंय आणि ते बरोबर चालतं. दुसरं म्हणजे मोठी ठेव असलेलं खातं फोनला जोडूच नये. घरखर्चाचं वेगळं खातं काढावं, त्यात पाच-सात हजार ठेवावेत आणि तेवढंच यूपीआयला जोडावं. चुकलं तर किती, याचं उत्तर आधीच ठरलं की हात थरथरत नाही. हा सल्ला देऊन झाल्यावर जेवढी माणसं ‘हो’ म्हणाली, तेवढी कुठल्याही जाहिरातीनं म्हणाली नसती.

आणि काहींना खरंच नको असतं, तेही चालतं. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2017 मध्ये बँकांना सांगितलंच आहे की ज्येष्ठांसाठी वेगळा काउंटर ठेवा, आणि सत्तरीच्या पुढच्यांना रोख देणं-घेणं, चेकबुक वगैरे सेवा घरपोच मिळावी. मागायची मात्र आपण. हयातीच्या दाखल्याचंही तसंच. ‘जीवन प्रमाण’, म्हणजे हा दाखला ऑनलाइन देणं, 2014 मध्ये आलं, 2021 पासून तर चेहरा दाखवूनही होतं. पोस्टमन घरी येऊन 70 रुपयांत करून देतो. तरी आमचे निम्मे सभासद नोव्हेंबरात बँकेतच जातात. मी एकांना कारण विचारलं. म्हणाले, “अरे, तिथं गेल्यावर तर कळतं, यंदा कोण कोण आलं नाही ते.”

ओल्या स्पंजवाल्या काकूंनी गेल्या महिन्यात पहिल्यांदा पैसे पाठवले. एक रुपया, मला. टुण् आवाज झाला, हिरवी खूण आली. मी म्हटलं, “झालं, काकू.” त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर काही पटल्याचं दिसेना. पुढच्या गुरुवारी आल्या त्या पासबुक घेऊनच. बँकेत जाऊन, यंत्रापुढे रांग लावून एन्ट्री मारून आणली होती. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हा बघ. गेलाय खरंच.”